सर्फबोर्डावर फुगवटा आला आहे. कोल्हापुरात राहून बोर्डाची निगा कशी राखावी?

कळंबा_रोड
4 मे

नमस्कार. मी आणि माझी धाकटी बहीण गेली दोन वर्षे सर्फिंग करत आहोत. ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एक-दोनदा आम्ही आंबोलीमार्गे गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावर किंवा गगनबावड्याचा घाट उतरून सिंधुदुर्गात जातो, दोन दिवस पाण्यात काढतो आणि रविवारी रात्री कोल्हापूरला परततो. आमच्याकडे साडेसात फुटांचा एकच बोर्ड आहे. तो आम्ही एका सर्फिंग शाळेकडून वापरलेला घेतला. घेताना ‘हा इपॉक्सीचा आहे’ एवढेच सांगण्यात आले. निगा कशी राखायची हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही.

घरी बोर्ड गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कव्हरात घालून भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो बाहेर काढला, तेव्हा वरच्या बाजूला, जिथे मागचा पाय टेकतो त्याच्या थोडे पुढे, तळहाताएवढा फुगवटा दिसला. तो दाबला की खाली जातो, बोट काढले की पुन्हा वर येतो आणि दाबताना पतंगाचा कागद वाजावा तसा बारीक आवाज येतो. शेपटीकडच्या कडेला नखाएवढी चीर आहे आणि तिच्याभोवतीचा भाग तपकिरी झाला आहे. उरलेला बोर्ड आधी पांढराशुभ्र होता, तो आता सायीसारखा पिवळसर दिसतो. खालच्या फिनचा, म्हणजे पाण्यात दिशा धरणाऱ्या पात्याचा, एक स्क्रू जाम झाला आहे. पाय घसरू नये म्हणून वर लावलेले मेण काळे पडून त्यात वाळू रुतून बसली आहे आणि कव्हर उघडले की कोंदट वास येतो.

उद्यमनगरात गाड्यांच्या फायबर बॉडीचे काम करणाऱ्या एका कारागिराला मी चीर दाखवली. रेझिन (लावल्यावर कडक होणारा चिकट द्रव) लावून अर्ध्या तासात बंद करून देतो, असे तो म्हणाला. हे करून घ्यावे का? जुने मेण काढायला रॉकेल किंवा थिनर चालेल का? फुगवटा दुरुस्त होण्यासारखा आहे की बोर्ड आता कामातून गेला असे समजावे? आणि पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद असताना बोर्ड कुठे आणि कसा ठेवावा?

नवा बोर्ड घेणे आम्हाला सध्या परवडणारे नाही. शिवाय आम्ही दोघी लाटेवर पहिल्यांदा उभ्या राहिलो त्या याच बोर्डावर, त्यामुळे तो टाकून देण्याचा विचारही करवत नाही.


देवबागची_वाळू
4 मे

ताई, आधी एक विनंती. ती चीर आतून कोरडी होऊन नीट बंद होईपर्यंत बोर्ड पाण्यात नेऊ नका, आणि रॉकेल, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही त्याच्या जवळ आणू नका. तुमच्या वर्णनावरून बोर्डाच्या पोटात थर्माकोलच्या जातीचा फोम आहे. वरचे इपॉक्सी रेझिनचे कवच थिनरला काही काळ दाद देणार नाही, पण चिरेतून थेंबभर थिनर आत गेले तरी आतला फोम विरघळून पोकळी होईल आणि ती बाहेरून दिसणारही नाही.

मेण काढणे सोपे आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात, साधारण नऊच्या आधी, बोर्ड दहा मिनिटे वरची बाजू सूर्याकडे करून आडवा ठेवा. मेण मऊ पडून चमकू लागले की लगेच सावलीत आणा आणि प्लास्टिकच्या मेणफणीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने, नाकाकडून शेपटीकडे लांब पट्टे ओढत खरवडा. धातूची पट्टी किंवा स्वयंपाकघरातला उलथणा वापरू नका, त्याचे ओरखडे कायमचे राहतात. थर निघाला तरी एक चिकट पापुद्रा उरतो. सुती फडक्यावर थोडे खोबरेल तेल घेऊन तो गोल गोल चोळून काढा. मात्र चिरेच्या आजूबाजूला तेल लावू नका, कारण तेल लागलेल्या जागी नंतर रेझिन धरत नाही. शेवटी भांड्याच्या सौम्य साबणाच्या पाण्याने सगळा तेलकटपणा धुऊन काढा. हे शेवटचे काम अनेक जण टाळतात आणि मग नवे मेण बोर्डावर बसत नाही, अशी तक्रार करतात.

मेण वर्षातून दोन-तीनदा तरी पूर्ण काढावे, असे मी आग्रहाने सांगतो. काळ्या मेणावर पाय घसरतो हे एक कारण झालेच, पण माझ्या मते मोठे कारण दुसरे आहे. मेणाच्या थराखाली काय चालले आहे ते दिसत नाही. तुमचा फुगवटा एका रात्रीत आलेला नसणार; आधी रुपयाएवढा असताना तो मेणाखाली लपला असेल. स्वच्छ झालेल्या बोर्डावरून डोळे मिटून तळहात फिरवा. नजरेला न दिसणारी केसासारखी चीरही बोटांना लागते. टाचेच्या दाबाने पडलेले उथळ खड्डे मात्र सगळ्याच बोर्डांवर पडतात. त्यांच्यात चीर नसेल तर काळजी करू नका.

नवे मेण घेताना पाकिटावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलेले आहे का ते पाहा. सर्फिंगच्या मेणाचे प्रकार पाण्याच्या तापमानावरून ठरतात आणि ट्रॉपिकल मेण साधारण 24 अंश सेल्सियसच्या वरच्या पाण्यासाठी असते. आपल्या किनाऱ्यावर पाणी त्याहून उबदारच असते. थंड पाण्याचे मऊ मेण इथे लावले तर ते किनाऱ्यावरच वितळून कव्हरभर पसरते. आधी कडक बेस मेणाचा थर देऊन बारीक दाणे उठू द्यावेत आणि त्यावर ट्रॉपिकल मेण हलक्या हाताने फिरवावे.

पाण्यातून बाहेर आल्यावर बोर्ड, फिन आणि लीश (बोर्ड पायाला जोडून ठेवणारी दोरी) गोड्या पाण्याने धुण्याची सवय लावून घ्या. कोल्हापूरला पोहोचेपर्यंत थांबू नका. गाडीत पाच लिटरचा कॅन ठेवला तर तेवढे पाणी पुरते. मीठ वाळले की त्याचे स्फटिक होतात आणि ते नेमके स्क्रूच्या आट्यांत आणि लीशच्या फिरत्या कडीत जाऊन बसतात. तुमचा स्क्रू त्यामुळेच जाम झाला असावा. त्यावर कोमट पाणी ओतत राहा, मीठ विरघळू द्या, आणि मग किल्ली लावा. किल्ली मात्र योग्य मापाची हवी. फिनचे हे स्क्रू बहुधा 3/32 इंच मापाच्या षटकोनी किल्लीने फिरतात, म्हणजे 2.38 मिलिमीटर. बाजारातली 2.5 ची ॲलन की त्यात जात नाही, आणि 2 ची घातली की ती आतल्या कडा खाऊन टाकते. इंचाच्या मापाचा ॲलन संच उद्यमनगरातल्या कोणत्याही हत्यारांच्या दुकानात मिळेल. स्क्रू निघाला की त्याच्या आट्यांना व्हॅसलीनचे बोट लावा आणि घरी ठेवताना फिन काढूनच ठेवत जा.

लीशबद्दलही थोडे सांगतो. ती बोर्डाला ज्या दोरीने बांधलेली असते ती दोरी आखूड हवी, इतकी आखूड की लीश ताणली गेल्यावर कडेवर दोरी न येता लीशची रुंद कापडी पट्टी यावी. बारीक दोरी कडेवर आली तर पडताना बसणाऱ्या झटक्याने ती सुरीसारखी कवच कापते. तुमची चीर शेपटीकडच्या कडेलाच आहे म्हणता, तर दोरीची लांबी आजच तपासा. आणि लीश फिनभोवती घट्ट गुंडाळून ठेवू नका, सावलीत सरळ टांगून ठेवा.


उद्यमनगर_साचा
5 मे

ताई, मी सर्फिंग केलेले नाही, पण 18 वर्षे फायबरचे साचे आणि त्यांची दुरुस्ती हेच माझे काम आहे, म्हणून रेझिनबद्दल अधिकाराने सांगू शकतो. त्या कारागिराला बोर्ड देऊ नका. त्याच्या हातात कसब नाही असे मला म्हणायचे नाही. त्याच्या डब्यात जे रेझिन आहे ते तुमच्या बोर्डाचे नाही.

आमच्या भागात ‘फायबरचे रेझिन’ म्हटले की ते पॉलिएस्टर रेझिन असते. ते पातळ राहावे आणि कडक व्हावे म्हणून त्यात स्टायरीन असते. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि स्टायरीन त्याला खाते. खात्री करून घ्यायची असेल तर चिरेतून फोमचे दोन-चार कण टाचणीने काढा. आधी ते नीट पाहा: साबुदाण्यासारखे गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले तर तो थर्माकोलच्या जातीचा, आणि पावासारखा एकसंध, चुरडल्यावर भुकटी होणारा दिसला तर पॉलियुरेथेन. मग ते कण स्टीलच्या वाटीत ठेवून वर पॉलिएस्टर रेझिनचा एक थेंब टाका. थर्माकोल असेल तर तुमच्या डोळ्यांदेखत दाणे खाली बसतील आणि वाटीत चिकट डाग तेवढा राहील. हेच बोर्डाच्या पोटात झाले असते, वरून चीर मात्र छान बुजलेली दिसली असती.

पॉलियुरेथेन फोमच्या बोर्डाला पॉलिएस्टर चालते आणि इपॉक्सीही चालते. तुमच्या बोर्डाला फक्त इपॉक्सी. सर्फिंगच्या दुकानात उन्हात पाच मिनिटांत कडक होणाऱ्या रेझिनच्या नळ्या मिळतात, असे मी वाचले आहे. त्यांतल्याही पुष्कळशा पॉलिएस्टरच्याच असतात, तेव्हा नळीवर इपॉक्सी हा शब्द शोधल्याशिवाय ती घेऊ नका.

दुरुस्तीच्या आधी वाळवणे. यात घाई केली तर बाकी सगळे वाया जाते. चिरेभोवतीचा तपकिरी भाग म्हणजे पाणी आत जाऊन बराच काळ राहिल्याची खूण आहे. चीर सगळ्यांत खाली येईल असा बोर्ड सावलीत उभा करा, खाली रद्दी अंथरा आणि समोर साधा पंखा लावा. पहिले दोन दिवस पाणी ठिबकेल, मग ठिबकणे थांबेल, पण फोम त्यानंतरही आठवडे ओलाच असतो. तो वाळला हे ओळखायला वजनकाट्याशिवाय दुसरा भरवशाचा उपाय मला माहीत नाही. सामान उचलून वजन करायचा आकड्याचा काटा घ्या, बोर्ड पट्ट्याने टांगून दर तीन दिवसांनी वजन लिहून ठेवा. सलग तीन वेळा आकडा तोच आला की काम सुरू करा.

चिरेवरचे भुसभुशीत आणि तपकिरी झालेले तुकडे कटरने काढून टाका. भोवतीचे कवच 80 नंबरच्या पॉलिश कागदाने खरबरीत करा, पण त्या जागेच्या पलीकडे चिकटपट्टीचे दोन थर लावून ठेवा, म्हणजे चांगले कवच घासले जाणार नाही. खड्डा भरायला इपॉक्सीमध्ये मायक्रोबलूनची, म्हणजे सूक्ष्म पोकळ गोळ्यांची, पांढरी पूड मिसळून श्रीखंडाइतके घट्ट करा आणि भरा. त्यावर काचेच्या विणलेल्या कापडाचे दोन तुकडे लावा, दुसरा पहिल्यापेक्षा चहूबाजूंनी सेंटिमीटरभर मोठा. कापड चौरस मीटरला 135 ग्रॅमच्या आसपासचे मागा, सर्फबोर्डवाले त्यालाच चार औंसाचे म्हणतात. दुकानदार तुम्हाला 300 किंवा 450 ग्रॅमची मॅट देऊ करील, ती घेऊ नका. ती जड असते, रेझिन फार पिते, आणि तिच्यातल्या धाग्यांना धरून ठेवणारा गोंद स्टायरीनमध्ये विरघळण्यासाठी केलेला असल्याने इपॉक्सीत ती नीट भिजतही नाही.

इपॉक्सीचे आणि ते कडक करणाऱ्या हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते, ते गुजरीतल्या सोन्यासारखे मोजून घ्या. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर शेकडा एक-दोन टक्के असतो आणि थोडा कमी-जास्त झाला तरी काम लवकर किंवा उशिरा होते एवढेच. इपॉक्सीत तसे नाही. तिथे हार्डनर हा पदार्थाचाच भाग असतो, जास्त घातला म्हणून ते लवकर कडक होत नाही, उलट कायमचे चिकट राहते. एका वेळी 20-30 ग्रॅमच कालवा. मोठा गोळा कपात तसाच राहिला तर आपोआप तापतो, आणि तो गरम गोळा फोमवर ओतला तर फोम बसतो.

फुगवट्याच्या जागी कवच फोमपासून सुटले आहे. बोर्ड पूर्ण वाळल्यावर फुगवट्याच्या दोन टोकांना तीन मिलिमीटरची दोन भोके पाडा, ड्रिल कवचापुरतेच जाऊ द्या. औषधाच्या दुकानातून बिनसुईची 10 मिलिलिटरची सिरिंज आणा, एका भोकातून पातळ इपॉक्सी भरा, दुसऱ्यातून हवा निघून रेझिन डोकावले की थांबा. वर पॉलिथिनचा कागद आणि त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवा. लाकडी फळी किंवा वजनाचे दगड ठेवू नका. बोर्डाला गोलाई आहे आणि ती फक्त वाळूच धरते. 24 तास हलवू नका.

घासताना 80 नंतर 120, 220 आणि शेवटी पाणी लावून 400 नंबर. गॉगल, हातमोजे आणि नाकाला चांगला मास्क लावल्याशिवाय घासू नका. काचेची धूळ अंगाला खाजते ते निभावते, पण फुप्फुसात गेलेली निघत नाही. आम्ही तरुणपणी रुमाल बांधून काम केले, त्यातल्या काहींचा खोकला आजही गेलेला नाही. हे काम जूनच्या आत उरका. पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती धरलीच तर घासण्याआधी साध्या पाण्याने पुसून काढा, नाहीतर पुढचा थर सुटतो.


कळंबा_रोड
9 मे

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काका, वाटीचा प्रयोग मी आणि बहिणीने काल केला. साबुदाण्यासारखेच दाणे होते आणि रेझिनचा थेंब पडल्यावर ते अर्ध्या मिनिटात दिसेनासे झाले. आम्ही दोघीही काही वेळ गप्प बसलो.

मेण सकाळी काढले. भिजवलेल्या साबुदाण्याच्या दोन वाट्या भरतील एवढे निघाले. लीशची दोरी खरोखरच लांब होती आणि ताणल्यावर बरोबर चिरेवर येत होती. आणखी एक गोष्ट सापडली, तिच्याबद्दल विचारायचे आहे. मेणाखाली, बोर्डाच्या मधल्या रेषेजवळ, एक रुपयाहून लहान अशी काळी प्लास्टिकची चकती निघाली. तिच्या मध्यभागी बारीक छिद्र आहे आणि ते मेणाने पूर्ण बुजले होते. हे काय आहे? बोर्डाचे आजचे वजन 5.6 किलो भरले.


घाटवाट
9 मे

ती चकती म्हणजे बोर्डाचे नाक समजा. मला वाटते तुमच्या फुगवट्याचे मूळ तिथेच आहे. माझा एक बोर्ड मी नेमका याच कारणाने गमावला, म्हणून सविस्तर लिहितो.

थर्माकोलच्या दाण्यांच्या आत आणि दाण्यांमध्ये हवा असते, आणि इपॉक्सीचे कवच हवाबंद असते. हवा तापली की फैलावते. बोर्ड 25 अंशांवरून 60 अंशांवर गेला तर आतल्या हवेचा दाब सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत काळसर कव्हरातला बोर्ड तेवढा तापणे अवघड नाही. त्यातच घरच्या तापमानाला कडक झालेले इपॉक्सी साधारण 50-60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. म्हणजे आतून दाब वाढतो तेव्हाच कवचाची पकडही ढिली होते. आपल्या बाबतीत घाटाची भर पडते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर आणि आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावरून आंबोलीपर्यंत चढताना बाहेरच्या हवेचा दाब जवळपास 8 टक्क्यांनी उतरतो, आतला मात्र तेवढाच राहतो.

हा फरक भरून निघावा म्हणून असे बोर्ड बनवताना ती चकती बसवतात. आत एक पापुद्रा असतो, तो हवा जाऊ देतो आणि पाणी अडवतो. तुमच्या छिद्रात मेण बसले होते, म्हणजे बोर्डाला श्वास घ्यायला जागाच नव्हती. छिद्रात सुई किंवा टाचणी घालू नका, पापुद्रा फाटेल. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेला मऊ टूथब्रश फिरवा एवढेच, आणि पुढे मेण लावताना तेवढी जागा सोडा. काही जुन्या बोर्डांना चकतीऐवजी स्क्रू असतो. तो घाट चढण्याआधी उघडावा लागतो आणि पाण्यात जाण्याआधी आठवणीने बंद करावा लागतो.

एकेकाळी बहुतेक बोर्ड पॉलियुरेथेन फोमचे असत आणि त्यांना या चकतीची गरज नव्हती. 2005 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्या फोमचा सर्वांत मोठा पुरवठा करणारी क्लार्क फोम ही कंपनी अचानक बंद झाली, आणि त्यानंतर थर्माकोलच्या जातीच्या फोमचे इपॉक्सी बोर्ड फार वेगाने पसरले. ते हलके आहेत, आपटण्याला जास्त टिकतात, पण उष्णता त्यांना सोसत नाही. आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात विकताना हे सांगायला हवे, आणि ते कोणी सांगत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

वाहतुकीबद्दल: टपावर बांधताना मेणाची बाजू खाली ठेवा, फिन काढा, आणि खाली दुमडलेली वाकळ घाला. नायलॉनची दोरी वापरू नका. दोन इंच रुंद पट्टे घ्या, हाताने ओढून जेवढे बसतात तेवढेच घट्ट करा. लिव्हरने आवळलेला पट्टा कडेवर खाच पाडतो. चांदीसारखे चकाकणारे कव्हर मिळाले तर तेच घ्या. जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा आणि सावली नसेल तर बोर्ड उतरवून बरोबर न्या, लोक पाहतात म्हणून संकोच करू नका. उसाच्या हंगामात राधानगरी, गगनबावडा आणि आजरा या तिन्ही रस्त्यांवर ट्रॉल्यांतून ऊस दोन-दोन हात बाहेर आलेला असतो. ओलांडताना टपावरच्या बोर्डाची जास्तीची उंची विसरू नका. माझ्या दुसऱ्या बोर्डाचे नाक तसेच गेले.

पावसाळ्यात बोर्ड गच्चीवर नको आणि बंद कव्हरातही नको. जुन्या घराचा सोपा असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही: सावली असते, वारा खेळतो आणि चुलीची धग पोहोचत नाही. भिंतीत दोन खुंट्या बसवा, त्यांना वाकळीच्या चिंध्या गुंडाळा आणि बोर्ड त्यावर आडवा ठेवा. बोर्डाच्या दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर आधार यावा आणि बोर्ड भिंतीला चिकटू नये, कारण ओल भिंतीतून येते. उंदरांचा वावर असेल तर खुंट्या कमरेच्या वर घ्या.


राजारामपुरी_सातवी_गल्ली
11 मे

आमच्या मुलाकडे वरून मऊ फोम असलेला शिकाऊ बोर्ड आहे. त्यालाही हेच सगळे लागू होते का?


देवबागची_वाळू
11 मे

उन्हाचे आणि वाळवण्याचे सगळे लागू होते, किंबहुना अधिकच, कारण मऊ फोमचा वरचा थर गोंदाने चिकटवलेला असतो आणि उन्हात तो फार लवकर सुटतो. मात्र त्यावर तेल किंवा कोणतेही द्रावण चोळू नका आणि मेणफणीही जोर लावून ओढू नका. साबणाचे पाणी आणि मऊ स्पंज पुरेसा आहे. बोर्ड उचलून पाहा. घेतला तेव्हापेक्षा जड वाटत असेल, तर फिनच्या स्क्रूंपाशी किंवा लीशच्या खोबणीपाशी पाणी शिरले आहे.


कळंबा_रोड
21 ऑक्टोबर

इतक्या उशिरा लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व, पण पाण्यात नेऊन पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे आम्ही ठरवले होते.

बोर्ड वाळायला 24 दिवस लागले. 5.6 किलोवरून वजन 4.9 वर आले आणि तिथे स्थिर झाले, म्हणजे दोन वर्षे आम्ही जवळपास पाऊण लिटर पाणी घाटातून वर-खाली नेत होतो. चीर आणि फुगवटा यांचे काम उद्यमनगरच्या काकांनी स्वतःच्या शेडमध्ये आमच्याकडून करून घेतले. सिरिंज बहिणीने धरली, पहिल्या भोकातून भरलेले रेझिन दुसऱ्यात चमकले तेव्हा ‘आता हात काढ, पोरी’ एवढेच ते म्हणाले. वाळूच्या पिशव्या त्यांच्याच होत्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत. दुरुस्तीनंतर वजन 5 किलो भरले आणि तो आकडा आम्ही शेपटीजवळ पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. पिवळेपणा गेला नाही. तो उन्हाने रंगलेला असल्याने जाणारही नाही, असे काकांनी सांगितले आणि आम्ही तो तसाच राहू दिला.

पावसाळाभर बोर्ड आजोळी, कसबा बावड्यातल्या सोप्यात खुंट्यांवर होता. आजीने रोज त्याच्यावरची धूळ झटकली.

गेल्या शनिवारी आणि रविवारी तो पाण्यात होता. दुरुस्त केलेल्या जागी पाय ठेवताना पहिल्या काही लाटांना मन धजत नव्हते, नंतर त्याचा विसर पडला. किनाऱ्यावरच कॅनच्या पाण्याने तो धुतला, फिन काढले, चकतीवरून ब्रश फिरवला. काल रात्री घरी पोहोचल्यावर बॅगा उघडण्याआधी तो काट्याला टांगला. वजन 5 किलोच भरले.